मुद्रित संदेश : जोडणी आणि जबाबदारी



धरणातून पाण्याचा विसर्ग वाढविण्यापूर्वी नदीकाठच्या लोकांना सावध करावयाचे असते. मध्यरात्र उलटून गेलेली असते, पाऊस कोसळत असतो, नियंत्रण कक्षात एकच कर्मचारी असतो आणि त्याच्या हाताशी दूरध्वनी सारखा खणखणत असतो. अशा वेळी ध्वनिक्षेपकासमोर बसून तीच सूचना शांत व स्पष्ट स्वरात दहा वेळा सांगणे कोणालाही कठीण जाते. आवाज कापतो, एखाद्या वस्तीचे नाव राहून जाते, घाईत भलताच शब्द तोंडून निघतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वेळेवर पोहोचलेल्या शब्दाचे मोल काय असते, हे महाराष्ट्राला त्या दिवसापासून निराळे सांगावे लागत नाही.

या अडचणीवरचा एक साधा उपाय म्हणजे ध्वनिक्षेपण यंत्रणेच्या कन्सोलमध्ये बसविण्याचे मुद्रित-संदेश कार्ड. आधी शांतपणे मुद्रित करून ठेवलेला संदेश कळ दाबताच जसाच्या तसा ऐकविणे, एवढेच त्याचे काम.

ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये जुलै १९३६ मध्ये दूरध्वनीवरून वेळ सांगणारे घड्याळ सुरू झाले, तेव्हा एका महिला दूरध्वनिचालकाचा आवाज काचेच्या तबकड्यांवर मुद्रित केलेला होता. पुढे चुंबकीय फीत आली. परंतु फीत झिजते, दमट हवेत खराब होते आणि नेमक्या वेळी अडकते. आजच्या कार्डात फिरणारा भागच नाही. आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते अंकांच्या रूपात स्मृतिचिपमध्ये साठविले जातात. दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज पुरेसा असेल, तर सेकंदाला ८,००० नमुने लागतात. प्रत्येक नमुन्यास एक बाइट धरली, तर एका मिनिटाच्या संदेशाला ४ लाख ८० हजार बाइट जागा पुरते. वीज गेली तरी हा साठा पुसला जात नाही.

कार्ड बसविण्याचे काम जाणत्या तंत्रज्ञानेच करावे. तथापि त्याचे टप्पे यंत्रणा सांभाळणाऱ्यांनाही ठाऊक असावेत. प्रथम कन्सोलचा वीजपुरवठा बंद करून प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. बॅटरीची सोय असल्यास तीही सोडवावी. अंगावरील स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा आणि कार्ड कडेने धरावे. कनेक्टरवरील पहिल्या पिनची खूण जुळवूनच कार्ड दाबावे. उलटे बसलेले कार्ड जळण्याचा संभव असतो. त्यानंतर कळांच्या तारा जोडाव्यात व कोणत्या कळेला कोणता संदेश, याची नोंद कन्सोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. तंत्रज्ञाची बदली होते, ती नोंद मात्र तेथेच राहते.

यानंतर अग्रक्रम ठरवावा लागतो. आपत्तीचा मुद्रित संदेश सुरू होताच संगीत व नित्याच्या घोषणा आपोआप थांबल्या पाहिजेत. परंतु अधिकाऱ्याचा मायक्रोफोन मुद्रित संदेशाच्याही वर असावा, कारण बदललेली परिस्थिती यंत्राला कळत नाही. शेवटी आवाजाची पातळी लावावी आणि कन्सोलजवळ नव्हे, तर सर्वांत दूरच्या कर्ण्याखाली उभे राहून संदेश ऐकावा. तेथे शब्द कळले, तरच जोडणी पुरी झाली असे समजावे.

तांत्रिक काम येथे संपते. खरे काम येथून सुरू होते. संदेशाची भाषा कार्यालयीन टिपणीची नसावी. “पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यमान विचारात घेता” अशी सुरुवात ऐकून कोणी अंथरुणातून उठत नाही. “नदीला पाणी वाढणार आहे. नदीकाठ सोडा. गुरे सोडवा. शाळेच्या इमारतीत या” ही वाक्ये मात्र लहान मुलालाही समजतात. काय होणार, कोणी काय करावयाचे, कोठे जावयाचे, हे तीन मुद्दे पुरेत. जेथे अहिराणी, कोरकू वा गोंडी बोलली जाते, तेथे तोच संदेश त्या बोलीतही मुद्रित करावा.

आंध्र प्रदेशाचा अनुभव बोलका आहे. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. १९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने किनारी भागात अशी व्यवस्था उभी राहिली की, निवडलेल्या ठिकाणच्या संचातून प्रथम भोंगा वाजे आणि मग स्थानिक भाषेत सूचना ऐकू येई. मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तीव्र वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या एक हजाराच्या आत राहिली. याचे श्रेय एकट्या यंत्राचे नव्हे. निवारे होते, वेळीच स्थलांतर झाले. परंतु स्थलांतराला आधी शब्द पोहोचावा लागतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील हवाई राज्यात सरावासाठी कर्मचाऱ्यांना एक मुद्रित संदेश ऐकविण्यात आला. आरंभी व शेवटी “सराव” हा शब्द होता, परंतु मध्येच “हा सराव नाही” असेही वाक्य होते. एका कर्मचाऱ्याने ते खरे मानले आणि क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा राज्यभर गेला. इशारा चुकीचा असल्याचा संदेश त्याच मार्गाने जाण्यास ३८ मिनिटे लागली, कारण तसा संदेश आधी तयारच केलेला नव्हता. म्हणून प्रत्येक इशाऱ्याबरोबर “धोका टळला” आणि “इशारा रद्द” हे दोन संदेश त्याच दिवशी मुद्रित करावेत. सरावाचा संदेश निराळ्या कळेवर ठेवावा आणि खऱ्या संदेशातील एकही वाक्य त्यात येऊ देऊ नये.

पावसाळ्यापूर्वी सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी एकत्र बसून हे संदेश एकदा ऐकावेत. नवी वस्ती झाली असेल, निवाऱ्याची जागा बदलली असेल, तर जुना संदेश पुसून नवा भरावा. कार्डातील आवाज वर्षानुवर्षे बिघडत नाही, पण त्यातील माहिती जुनी होते. ती ताजी ठेवणे कोणत्याही कार्डाला जमणारे नाही. ते गावातील जबाबदार माणसांचेच काम आहे.