शेतीविषयक ध्वनिमुद्रण : एकट्याचे भाषण की दोघांचा संवाद?



१९६३ साली सुरू झालेल्या सांगली आकाशवाणीने आपल्या भागाला शेतीचे कार्यक्रम ऐकण्याची सवय लावली. आता मोबाईलवर पॉडकास्ट ऐकले जातात, आणि आपल्यापैकी काहीजण स्वतःही ध्वनिमुद्रण करून गावच्या गटाला पाठवतात. म्हणून कसे बोलले असता ऐकणाऱ्याचे लक्ष टिकते, हे आपणही जाणून घेतले पाहिजे.

आपला श्रोता समोर बसलेला नसतो. तो धार काढत असतो, तासगावकडे बेदाणा निवडत असतो किंवा उसाला पाणी देत असतो. निसटलेले वाक्य मोबाईलवर पुन्हा ऐकता येते हे खरे. पण ओल्या हातांनी ते कोण करणार?

उसाची बेणेप्रक्रिया घ्या. कागदावरून वाचलेल्या भाषणात ती अशी येते : "शिफारशीत रसायनांची प्रक्रिया केल्यानंतर १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर व १.२५ किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू मिसळून त्या द्रावणात बेणे ३० मिनिटे बुडवावे." वाक्यात चूक काहीच नाही. पण दोन पायऱ्या आणि चार आकडे एका दमात आले. ऐकणाऱ्याच्या ध्यानात 'रसायन आणि जिवाणू' एवढेच राहते आणि तो दोन्ही एकाच पिंपात कालवतो. जिवाणू मरतात, पैसे पाण्यात जातात.

हेच दोघांच्या बोलण्यात ऐका.

"दोन्ही एकाच पिंपात कालवले तर?"

"नको. रसायनाने जिवाणू मरतील. आधी रसायन, मग बेणे सावलीत सुकवा, मग जिवाणू."

"जिवाणूंत किती वेळ ठेवायचे?"

"अर्धा तास."

प्रश्न कानावर पडला की श्रोता उत्तराची वाट पाहतो. मात्र विचारणारा खरोखर न समजलेलेच विचारणारा हवा. नुसते "वा, छान" म्हणणारा मुलाखतकार असण्यापेक्षा एकट्याचे भाषण बरे. दोघांचे आवाज वेगळे ओळखू यावेत; चार-पाचजण बोलू लागले की कोण काय म्हणाले हेच कळत नाही. पावसाचा इशारा किंवा बाजारभाव सांगायला मात्र एकच आवाज पुरतो, तेथे संवादाचा घोळ घालू नये.

ऐकणारेही बोलू लागले तर आणखी उत्तम. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यात होती, आपल्या साताऱ्याकडचीही. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकरी एकत्र बसून ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडल्याचे आढळले.

तेव्हा सुरू उसाच्या लागणीआधी ध्वनिमुद्रण करणार असाल, तर प्रथम गावात फिरून प्रश्न गोळा करा आणि ते विचारणाऱ्याच्याच आवाजात घ्या. दहा मिनिटे पुरेत. मात्रा दोनदा सांगा, आणि दुसऱ्यांदा ती विचारणाऱ्याच्या तोंडून वदवून घ्या. त्याने आकडा चुकीचा सांगितला, तर ती चूक व तिची दुरुस्ती दोन्ही ध्वनिमुद्रणात राहू द्या.