शाराकूचीं नटचित्रें

इ. स. १७९४ सालीं, जपानी पंचांगाच्या पांचव्या महिन्यांत, एदो नगरींतील, म्हणजे आजच्या तोकियोंतील, एका प्रकाशकाच्या दुकानीं नटांचीं अठ्ठावीस चित्रें एकदम विक्रीस आलीं. चित्रकाराचें नांव होतें तोशूसाई शाराकू. हें नांव त्यापूर्वीं कोणाच्या ऐकिवांत नव्हतें. आणि अवघ्या दहा महिन्यांनंतर त्याचें एकही नवें चित्र निघालें नाहीं.

हीं चित्रें हातानें रंगविलेलीं नसत. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कोरक्या रेषा तेवढ्या उठावदार ठेवी व बाकीचें लांकूड कोरून काढी. प्रत्येक रंगास बहुधा निराळा ठसा लागे. भांडवल प्रकाशकाचें असे. शाराकूचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो हा धाडसी गृहस्थ होता. आक्षेपार्ह पुस्तकें छापल्याबद्दल १७९१ सालीं सरकारानें त्याची निम्मी मालमत्ता जप्त केली होती. असें असूनही त्यानें एका अपरिचित चित्रकारावर अभ्रकाच्या चकाकत्या काळ्या पार्श्वभूमीचा खर्च केला.

हीं चित्रें घेणारा मुख्यतः काबुकी नाटकांचा रसिक. १६२९ सालीं स्त्रियांस रंगभूमीवर बंदी झाल्यापासून स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. इतर चित्रकार अशा नटास लावण्यवती करून दाखवीत. शाराकूनें तसें केलें नाहीं. सेगावा तोमिसाबुरो याच्या चित्रांत वेष कुलीन स्त्रीचा आहे, परंतु मुखवटा पुरुषाचाच. तिसरा ओतानी ओनिजी हा एदोबेई नामक दुष्ट सेवकाच्या भूमिकेंत कसा दिसतो, तें श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें : मान पुढें काढलेली, ओंठ घट्ट मिटलेले, डोळे नाकाकडे वळलेले आणि दोन्ही हातांचीं बोटें वस्त्रांतून बाहेर ताणलेलीं. दरोड्याचा क्षण आतां आलाच, असें वाटतें.

ओता नाम्पो या तत्कालीन लेखकाच्या नोंदीचा आशय असा कीं, शाराकू सत्य चितारण्याच्या भरांत मर्यादेपलीकडे गेला व म्हणून फार दिवस टिकला नाहीं. प्रेक्षकाला आपला आवडता नट सुंदरच हवा असतो, हें त्याचें खरें कारण असावें. दहा महिन्यांत सुमारें दीडशें चित्रें काढून शाराकू दृष्टिआड झाला. आवा संस्थानच्या आश्रयास असलेला साइतो जूरोबेई नांवाचा नो नाट्याचा नट तोच, असें १८४४ च्या एका टिपणांत म्हटलें आहे. आजचे बहुतेक अभ्यासक तें ग्राह्य मानतात.

ओनिजी १७९६ सालीं वारला, त्सुताया त्याच्या पुढल्या वर्षीं. १९१० सालीं यूलियुस कुर्थ या जर्मन पंडितानें शाराकूवर ग्रंथ लिहिला आणि जगाचें लक्ष या चित्रांकडे वळलें. ज्या नटांना त्या काळीं आपलीं चित्रें कुरूप वाटलीं असतील, त्यांचे चेहरे आज पुष्कळ अंशीं त्या चित्रांमुळेंच ओळखीचे राहिले आहेत.