एनएसएलयू२ : साठवणयंत्रातील फर्मवेअरचा पालट

नेटवर्कला जोडून ठेवलेले साठवणयंत्र, म्हणजे नॅस, हे पाहणाऱ्याला हार्ड डिस्कची पेटी वाटते. प्रत्यक्षात तो एक पुरता संगणक असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, आणि कार्यप्रणाली, फाइली पुरवणारा सर्व्हर, सेटिंगची वेबपाने असे सगळे सॉफ्टवेअर एका फ्लॅश चिपवर लिहिलेले असते. हेच त्या यंत्राचे फर्मवेअर. निर्मात्याचे फर्मवेअर काढून तेथे दुसरे घालता येते का, आणि घालताना यंत्र निकामी होऊ नये म्हणून काय सांभाळावे लागते, याचे तपशील यंत्रागणिक बदलतात. पण त्यामागची तत्त्वे एका यंत्राच्या बाबतीत विशेष स्पष्ट दिसतात. ते यंत्र म्हणजे लिंकसिसने २००४ साली बाजारात आणलेले एनएसएलयू२.

तळहातावर मावणाऱ्या या यंत्रात डिस्क नव्हतीच. यूएसबीचे दोन पोर्ट, ईथरनेटचा एक पोर्ट आणि समोर चार दिवे, एवढाच बाहेरचा पसारा. आत इंटेलचा एक्सस्केल घराण्यातला आयएक्सपी४२० प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम आणि ८ मेगाबाइट फ्लॅश. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. विजेचा खर्चही नगण्य. सुरुवातीच्या यंत्रांतला २६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर निम्म्या वेगाने, १३३ मेगाहर्ट्‌झवर चालवलेला होता. सर्किट बोर्डावरचा एक बारीकसा रेझिस्टर काढला की तो पूर्ण वेगाने चालू लागे, आणि अनेकांनी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तो काढला. पुढच्या वर्षांत विकली गेलेली यंत्रे मुळातच पूर्ण वेगाची होती.

लिंकसिसचे मूळ सॉफ्टवेअर लिनक्सच्या २.४ मालिकेतील कर्नलवर उभे होते आणि फर्मवेअर बदलण्याची वाट तिथूनच उघडली. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वाटला जातो. तो वापरून बनवलेले यंत्र जो विकतो, त्याला त्या भागाचा सोर्स कोड ग्राहकाला द्यावा लागतो. लिंकसिसच्याच डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले, कंपनीकडे कोड मागितला गेला, तो मिळाला आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचे पर्यायी फर्मवेअर उभे राहिले. तरीही हा हक्क दरवेळी विनासायास मिळाला असे नाही. लिंकसिस तेव्हा सिस्कोच्या मालकीची होती, आणि तिच्या अनेक उत्पादनांच्या कोडबाबत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. एनएसएलयू२ साठी पर्यायी फर्मवेअर लिहिणाऱ्यांना पाया मिळाला तो या परवान्यामुळे, ही गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी.

पर्यायी फर्मवेअरची गरज का पडते? पहिल्या काळात कारण होते ते यंत्राकडून अधिक काम घेण्याचे. मूळ सॉफ्टवेअर फाइली वाटून देण्यापलीकडे फारसे काही करत नसे. लोकांना त्यावर वेब सर्व्हर, गाण्यांचा सर्व्हर, प्रिंटरची वाटणी, रात्रीतून चालणारी डाउनलोड अशी कामे हवी होती. काळ गेला तसे दुसरे आणि अधिक गंभीर कारण पुढे आले. निर्माता काही वर्षांनी अपडेट देणे थांबवतो, यंत्र मात्र चालतच राहते. जुन्या नॅसमधला सांबा हा फाइली पुरवणारा सर्व्हर, विंडोज ज्याने फाइली वाटते त्या एसएमबी प्रोटोकॉलची पहिलीच आवृत्ती जाणतो. विंडोज १० च्या २०१७ च्या शरद ऋतूतील आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती आवृत्ती आपोआप बसवणे मायक्रोसॉफ्टने बंद केले. परिणामी डिस्क ठणठणीत, दिवे लागलेले, आणि तरी नव्या लॅपटॉपवर नॅस दिसत नाही, असे घरोघरी घडले. अशा वेळी विंडोजमध्ये जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे, कारण त्याने एका जुन्या यंत्रासाठी नव्या संगणकाचे दार उघडे राहते.

सुरक्षेच्या बाजूने याहून बोलके उदाहरण वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नॅसचे आहे. त्याचे शेवटचे अपडेट २०१५ चे. जून २०२१ मध्ये इंटरनेटवरून पोहोचता येणाऱ्या अशा अनेक यंत्रांवर कोणीतरी बाहेरून फॅक्टरी रीसेटचा हुकूम सोडला आणि मालकांचा वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला. रीसेटपूर्वी पासवर्ड विचारणाऱ्या कोडच्या ओळी फर्मवेअरमध्ये होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. ज्या यंत्राचे फर्मवेअर दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येते, त्याच्या मालकापुढे अशा वेळी यंत्र फेकण्याखेरीज निदान एक मार्ग शिल्लक असतो.

आता खुद्द फ्लॅशकडे वळायला हवे, कारण सगळी जोखीम तिथे आहे. एनएसएलयू२ मधली ८ मेगाबाइटची चिप १२८ किलोबाइटच्या ६४ ब्लॉकांत विभागलेली आहे. अशा चिपवर १ चा ० करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणजे एखादा बाइट बदलायचा तरी काही क्षण तो ब्लॉक पूर्ण कोरा असतो, आणि नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर त्या ब्लॉकातले सगळे हरवते. सुरुवातीचे २५६ किलोबाइट, म्हणजे पहिले दोन ब्लॉक, रेडबूट या बूटलोडरचे. त्यापुढचा एक ब्लॉक सेटिंगचा. मग १ मेगाबाइट कर्नलला, आणि उरलेल्यातला बहुतेक भाग कार्यप्रणालीच्या फाइलींना. फ्लॅशवर काय कुठे आहे याची यादी अगदी शेवटच्या ब्लॉकात.

यातला रेडबूट हा भाग निर्णायक. वीज येताच प्रोसेसर सर्वप्रथम तो चालवतो आणि तो पुढे कर्नल रॅममध्ये नेऊन सुरू करतो. कर्नल बिघडला, फाइली अर्धवट लिहिल्या गेल्या, चुकीचे फर्मवेअर गेले, तरी रेडबूट शाबूत असेल तर यंत्र पुन्हा लिहिता येते. रेडबूटच पुसला गेला तर यंत्राला पहिली आज्ञाही मिळत नाही. मग बोर्डावर तारा जोडून जेटॅग या चाचणीच्या जोडणीमार्फत चिप थेट लिहिण्याखेरीज उपाय नाही. यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, हीही रेडबूटच्याच भागात नोंदलेली असते, म्हणून दुसऱ्याच्या यंत्रातून घेतलेली पूर्ण ८ मेगाबाइटची प्रत जशीच्या तशी लिहिली तर एका नेटवर्कवर दोन यंत्रे एकाच पत्त्याची होऊ शकतात. फर्मवेअर बदलायच्या कोणत्याही यंत्राबाबत पहिला प्रश्न हाच विचारावा : बूटलोडर कुठे आहे, आणि आपण वापरणार ती पद्धत त्याला हात लावते का? एनएसएलयू२ साठी लिहिलेले अपस्लग२ हे साधन नेहमीच्या वापरात रेडबूटचा भाग वगळते. तोही लिहायचा तर वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. ही खबरदारी त्या साधनाच्या कर्त्यांनी फार शहाणपणाने घेतली.

काम सुरू करण्यापूर्वी सगळ्या डिस्क काढून ठेवतात. मालकाचा डेटा डिस्कवर असतो आणि फर्मवेअर फ्लॅशवर, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला बसू नये. डिस्कवरच्या फाइलींची दुसरीकडे प्रत असणे ही तर पूर्वअटच, कारण नवे फर्मवेअर डिस्क नव्याने फॉर्मॅट करू मागते. मूळ फर्मवेअरची फाइल उतरवून हाताशी ठेवतात. यंत्र आणि संगणक दोन्ही यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असावेत आणि जोडणी वायफायने नव्हे, तारेने असावी.

यानंतर दोन वाटा आहेत. सोपी वाट यंत्राच्या स्वतःच्या वेबपानाची : मूळ पत्ता १९२.१६८.१.७७, तिथे अपग्रेडच्या पानावर नवी फाइल द्यायची. दुसरी वाट रेडबूटच्या अपग्रेड अवस्थेची, आणि वेबपान उघडत नसेल तेव्हा तीच उपयोगी पडते. यंत्र बंद करून मागच्या रीसेटच्या भोकात पिन दाबून धरायची आणि तशीच धरून पॉवरचे बटण दाबायचे. स्थितीचा दिवा आधी पिवळसर लागतो. साधारण दहा सेकंदांनी तो लालसर होतो. हा फरक इतका पुसट असतो की उजेडात तो निसटतो, म्हणून दिव्यावर सावली धरून पाहिलेले बरे. रंग पालटताच पिन सोडायची. मग तो दिवा आळीपाळीने लाल-हिरवा होऊ लागला की यंत्र लिहून घ्यायला तयार आहे. या अवस्थेत यंत्राला आयपी पत्ता नसतो. अपस्लग२ त्याच्याशी थेट ईथरनेटच्या पातळीवर बोलते, त्यामुळे पत्त्यांचा घोळ आड येत नाही. लिहिणे आणि पडताळणे यांत काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत कशालाही हात लावू नये. पिन नेमकी केव्हा सोडायची हे जमत नसेल त्याला आणखी एक सोय आहे : सुरू होताना रेडबूट १९२.१६८.०.१ या पत्त्यावर, ९००० क्रमांकाच्या पोर्टवर जेमतेम दोन सेकंद कान देऊन असतो. तेवढ्यात टेलनेटने जोडून कंट्रोल-सी पाठवले की त्याचा प्रॉम्प्ट मिळतो, आणि ‘अपग्रेड’ अशी आज्ञा दिली की तीच अवस्था येते.

कोणते फर्मवेअर घालायचे, यात तीन पायऱ्यांची निवड होती. अनस्लंग हे मूळ लिंकसिस फर्मवेअरवरच आधारलेले. वेबपाने तशीच राहत, पण कार्यप्रणालीच्या फाइली फ्लॅशवरून बाहेरच्या डिस्कवर हलवता येत आणि मग ऑप्टवेअरच्या संग्रहातून हवे ते सॉफ्टवेअर चढवता येई. डिस्क जोडलेली नसेल तर यंत्र निमूटपणे फ्लॅशवरून सुरू होई, म्हणून नवशिक्यासाठी हीच वाट सर्वांत निर्धोक होती. त्याचा रूटचा पासवर्ड मात्र जगजाहीर होता आणि तो बदलणे हे पहिले काम. स्लगओएसने लिंकसिसचा वारसा सोडला आणि नव्या कर्नलवर लहानशी स्वच्छ प्रणाली दिली. वेबपाने नाहीत, सगळा कारभार आज्ञांनी. तिसरी पायरी डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या पूर्ण कार्यप्रणालीची. मार्टिन मिक्लमायर आणि इतरांच्या परिश्रमांमुळे २००७ च्या एप्रिलमध्ये आलेल्या डेबियन ४.० पासून या तळहाताएवढ्या यंत्रावर मोठ्या सर्व्हरवरचीच प्रणाली चालू लागली.

डेबियन बसवताना आलेल्या दोन अडचणी फर्मवेअरच्या कामाचा स्वभाव उत्तम दाखवतात. पहिली बाइटच्या क्रमाची. एक्सस्केल प्रोसेसर चार बाइटची संख्या मोठ्या टोकाकडून किंवा लहान टोकाकडून, दोन्ही प्रकारे वाचू शकतो. लिंकसिसचे सॉफ्टवेअर आणि रेडबूट पहिल्या पद्धतीने चालतात, डेबियन दुसऱ्या. रेडबूट तर बदलायचा नाही. म्हणून डेबियनचा कर्नल फ्लॅशवर लिहिताना दर चार बाइटचा गट उलटा करून, १-२-३-४ चा ४-३-२-१ करून लिहितात, आणि कर्नलच्या आरंभीच प्रोसेसरची पद्धत पालटली जाते. दुसरी अडचण ईथरनेटची. त्या चिपमधल्या नेटवर्कच्या भागाला इंटेलचा मायक्रोकोड लागतो आणि त्याच्या परवान्यामुळे तो डेबियनच्या मुख्य संग्रहात बसत नव्हता. ज्या यंत्राला पडदा नाही, कीबोर्ड नाही, त्यावर नेटवर्कशिवाय इन्स्टॉलर वापरणार कसा? त्यामुळे मायक्रोकोड घातलेल्या फाइली वेगळ्या ठेवाव्या लागल्या. इन्स्टॉलर फ्लॅशवर लिहिला की एसएसएचने त्यात शिरायचे आणि जोडलेल्या यूएसबी डिस्कवर प्रणाली बसवायची. ३२ मेगाबाइट रॅममध्ये हे काम कित्येक तास चालते आणि डिस्कवर स्वॅपची जागा दिल्याशिवाय ते पुरेच होत नाही. अखेरीस नवा कर्नल फ्लॅशवर लिहिला जातो आणि यंत्र डिस्कवरून चालू लागते.

नवे फर्मवेअर चालू झाल्यावरची कामे थोडी आहेत, पण टाळण्याजोगी नाहीत. पासवर्ड बदलणे, टेलनेट बंद करून एसएसएच ठेवणे, राउटरवरून यंत्राकडे बाहेरून येणारा मार्ग न उघडणे, आणि नोंदींच्या फाइली फ्लॅशवर नव्हे तर डिस्कवर लिहिल्या जातात हे पाहणे. कारण फ्लॅशचा एकेक ब्लॉक साधारण एक लाख वेळा पुसण्यापुरताच टिकाऊ धरलेला असतो, आणि मिनिटामिनिटाला होणारी नोंद ही मर्यादा काही महिन्यांतच गाठू शकते.

लिंकसिसने २००८ मध्ये एनएसएलयू२ चे उत्पादन थांबवले. पुढच्या वर्षांत कर्नल वाढत गेला आणि ३२ मेगाबाइट रॅम अपुरी पडू लागली. काहींनी रॅमच्या चिपा बदलून ती वाढवली, पण त्यासाठी बारीक सोल्डरिंगचा हात हवा. २०१९ पासून मूळ लिनक्स कर्नलमध्ये आयएक्सपी४ मालिकेचा आधार नव्या रचनेत पुन्हा लिहिला गेला आणि त्यात एनएसएलयू२ चीही नोंद आहे. ज्याला हे काहीच नको असेल त्याला मागे फिरता येते : डिस्क काढायच्या, पिन दाबून अपग्रेड अवस्था आणायची आणि जपून ठेवलेले लिंकसिसचे फर्मवेअर अपस्लग२ ने लिहायचे. पर्यायी प्रणालीच्या काळात वापरलेली डिस्क मूळ फर्मवेअर ओळखेलच असे नाही, म्हणून ती त्याच्या वेबपानावरून नव्याने फॉर्मॅट करून मगच तिच्यावर फाइली ठेवतात.