शिरोलीच्या कपाटातली रजिस्टरं

  काल रात्रीच्या पांढऱ्या रश्श्याबद्दल कोल्हापूरच्या या हृदयरोगाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षानं काही न बोललेलंच बरं.

उद्योग आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्यातलं सहकार्य, असा विषय मला दिला आहे. रीतीप्रमाणे नव्या स्टेंटचा, नव्या औषधांचा आढावा घ्यायला हवा. तो मी लिहून आणला आहे, स्मरणिकेत छापून येईल. इथं मी दुसरंच बोलणार आहे. पुष्कळ वर्षं मनात दाबून ठेवलेलं बोलायला असं व्यासपीठ एकदाच मिळतं.

माझा पहिला प्रश्न असा, की उद्योग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे औषध कंपनीच का येते?

काल या मांडवात दोन तट पडले. कंपनीचा पैसा घेतला की डॉक्टर विकला गेला, हे एका तटाचं म्हणणं. कंपनीशिवाय संशोधन होत नाही, हे दुसऱ्याचं. दोघांनीही उदाहरणं परदेशातली दिली. आपल्याकडचीच पाहू. सर्पगंधेच्या गोळ्या हिमालया ड्रग कंपनी 'सर्पिना' या नावानं १९३४ पासून विकत होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम शिस्तीनं तपासला आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. मग जग जागं झालं. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं. दुसरं उदाहरण तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेचं. डॉ. वलियाथन यांनी हृदयाची झडप बनवायला घेतली. तीन नमुने फसले, चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९० ला ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली आणि पुढे टीटीके या प्रेशर कुकरवाल्या उद्योगसमूहानं ती बाजारात आणली. परदेशी झडपेच्या मानानं तिची किंमत कितीतरी कमी होती. दोन्हीकडे प्रश्न डॉक्टरांचा होता, उत्तरही त्यांनीच शोधलं. आज आपल्याकडे कंपनी प्रश्नही आणते, उत्तरही आणते आणि ते वाचून दाखवायला आपल्यापैकी एखाद्याला माईकसमोर उभं करते. त्याला आपण सहकार्य म्हणतो. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं औषध विक्रीची नवी आचारसंहिता काढली, भेटवस्तू आणि डॉक्टरांच्या सहलींवर बंदी घातली. माझे काही मित्र तेव्हापासून उदास आहेत. त्यांच्या दुःखात मी सहभागी नाही.

आता शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीकडे वळू. कोल्हापूर शहराभोवती फौंड्र्या आहेत. ट्रॅक्टर, मोटारी, इंजिनं, पंप यांची कास्टिंगं इथून देशभर आणि देशाबाहेर जातात. कोल्हापूरचा उद्योग तो हा. आणि या उद्योगापाशी आपल्याला हवी ती चीज कपाटात पडून आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फौंड्री आली आणि तिथल्या प्रत्येक कामगाराची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. उंची, वजन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे. वर्षाला एक ओळ, दरसाल. आपल्या विद्यापीठांत कोणी असा अभ्यास आखायचा म्हटला, तर निधी मिळवता मिळवता त्याची निवृत्ती येईल. इथं तो आयता झालेला आहे. तो कोणी वाचलेला मात्र नाही.

मी त्यातला एक तुकडा वाचला, तो असा. शिरोलीतला एक भट्टीवाला रात्री माझ्याकडे आणला होता. वय चाळिशीच्या आतबाहेर. घरच्यांच्या मते पित्त झालं होतं, सोडा पाजून आणलेला. ईसीजी काढला तर समोरच्या भिंतीचा मोठा अटॅक. तो वाचला. नंतर त्याचा सुपरवायझर कसल्याशा दाव्यासाठी तपासणीच्या कागदांची झेरॉक्स घेऊन आला. मी सहज चाळली. पाच वर्षांच्या पाच ओळी. पहिल्या वर्षी १५०, मग १६०, मग १७० च्या पुढे. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शिक्का : कामास योग्य. रक्तदाब मोजणारा होता, लिहिणारा होता, सही करणारा डॉक्टरही होता. एक ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहणारा कोणी नव्हता. त्याला सुरुवातीलाच रोज एक ॲम्लोडिपिनची, म्हणजे रक्तदाबाची गोळी कदाचित पुरली असती. ती चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे.

काल आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, की अंगमेहनत करणाऱ्याला हृदयविकार कमी, हा रोग खुर्चीवाल्यांचा. त्यांनी जेरी मॉरिसचा दाखला दिला. मॉरिसचा अभ्यास खराच आहे. १९५३ मध्ये त्यानं लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला आणि दिवसभर बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हा विकार कमी होतो, हे दाखवलं. पण मॉरिसचा कंडक्टर भट्टीसमोर उभा नव्हता, तोंडात मावा धरून रात्रपाळी करत नव्हता. माझ्या दवाखान्यात फौंड्रीवाले, यंत्रमागवाले, उसाच्या गाडीवरचे ड्रायव्हर येतात. खुर्चीवाले त्यांच्या मागं रांगेत असतात. यावर मला आणखी पुरावा नको.

मॉरिसच्या गोष्टीतला खरा भाग आपण सोडून देतो. हा अभ्यास त्यानं कोणाच्या जोरावर केला? लंडन ट्रान्सपोर्टच्या. सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी त्या संस्थेकडे होत्या. संस्थेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राफल त्या अभ्यासाचे सहलेखक होते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं काढली, तर ड्रायव्हरच्या विजारीची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी निघाली. शिंप्याच्या वहीतून हृदयरोगाचं शास्त्र पुढं गेलं! शिकागोतही वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि पीपल्स गॅस या कंपन्यांच्या नोकरवर्गावर असेच दीर्घ अभ्यास झाले. आपल्या देशात डॉ. श्रीनाथ रेड्डी, डॉ. प्रभाकरन यांनी कारखान्यांत कामगारांना समजावणं, खानावळीतलं जेवण सुधारणं असे साधे उपाय करून पाहिले. रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल उतरलं. ते २००९ मध्ये छापून आलं. आपण वाचलं आणि पुन्हा स्टेंटकडे वळलो.

आणखी एक सल बोलून दाखवतो. सरकारनं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता, सिंधुदुर्ग होता. एक आपल्या वर, एक आपल्या खाली. साधं उपचारपत्रक, नेमकी औषधं, प्रत्येक रुग्णाची नोंद, न आलेल्याला फोन. आपण मध्येच बसलो होतो, कॅथलॅब मोजत.

उद्योजक मित्रहो, आता तुमच्या बाजूचं बोलतो, कारण तुम्ही मनात म्हणत असाल की डॉक्टर आमच्यावर घसरले. रजिस्टर उघडायला तुम्ही का बिचकता, हे मला ठाऊक आहे. निरीक्षक येईल, दावा होईल, ही तुमची भीती. कामगाराची भीती त्याहून मोठी आहे. एका ठेकेदाराच्या माणसानं माझे हात धरले होते, की साहेब, एकशे वीस-ऐंशी लिहा, नाहीतर उद्यापासून गेटवर घेणार नाहीत. मी खराच आकडा लिहिला, आणि त्याला कामावरून काढू नये म्हणून मालकाला फोनही केला. पण असे फोन मी किती जणांसाठी करणार? म्हणून ही रजिस्टरं अभ्यासायला घेताना माझी अट आहे : कामगारांची नावं वैद्यकीय महाविद्यालयाकडे राहतील, मालकाला फक्त बेरीज मिळेल. ही अट ज्यांना मान्य नाही, त्यांनी या कामात येऊ नये. आणि ठेकेदाराची माणसं रजिस्टरात नसतील, तर तेही रजिस्टर मला नको. तपासणी शिबिर भरवून फलकासह फोटो काढण्याला मी सहकार्य मानत नाही. मोठ्या कारखान्यांना कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यावेच लागतात. त्यातला थोडा भाग गावातल्या महाविद्यालयांच्या संशोधनाकडे वळला, तर काय बिघडेल? इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तर रजिस्टरही नाही. तिथं काय करायचं, ते पुढच्या अध्यक्षांसाठी सोडतो.

अध्यापकांनाही सोडत नाही. दरवर्षी एमडीचा एक तरी प्रबंध 'अमुक रुग्णालयात दाखल झालेल्या हृदयविकाराच्या शंभर रुग्णांचा अभ्यास' असा असतो. मार्गदर्शक नवे, रुग्ण नवे, निष्कर्ष जुनेच. त्यातल्या एका विद्यार्थ्याला सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डातून उठवून शिरोलीला पाठवा. शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातला एखादा हुशार मुलगा त्याच्या जोडीला द्या. नीतिसमितीची परवानगी, नोंदीचा एकसारखा नमुना, रक्तदाब वाढलेला आढळला तर कामगाराला कुठं पाठवायचं, हे सगळं ठरवायला एक छोटी समिती नेमू. तिचा तपशील कार्यकारिणी ठरवेल. मी सभासद म्हणून राहीन, अध्यक्ष म्हणून नाही.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बाहेर स्टॉलवर उभे आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, ती पोटापाण्याची माणसं आहेत. त्यांनी वरिष्ठांना एवढाच निरोप द्यावा, की कोल्हापूरच्या डॉक्टरांना यंदा बॅगा नकोत, रक्तदाबाची प्रमाणित यंत्रं हवीत आणि ती कारखान्यांच्या दवाखान्यांत हवीत.

फौंड्रीमालकांपैकी पाच जणांनी तरी आज जेवणाआधी आपली नावं कार्यवाहांकडे द्यावीत आणि या महिनाअखेरीस मागच्या दहा वर्षांची रजिस्टरं सीपीआरच्या मेडिसिन विभागात पोचवावीत. न्यायला गाडी नसेल, तर माझी येईल.