हॉटेलचे पॉइंट आणि विमानाचे मैल

हॉटेलात राहिल्याबद्दल मिळालेले पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलून घ्यावेत की नाही, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ मराठी घरांत निघू लागला आहे. मुलगा नोकरीच्या कामासाठी महिन्यातले आठ-दहा दिवस हॉटेलात काढतो. बिल कचेरी भरते, पॉइंट मात्र राहणाऱ्याच्या नावावर जमतात. दोन-तीन वर्षांत आकडा लाखाच्या घरात जातो, आणि एके दिवशी जेवताना कोणीतरी म्हणते, "अहो, एवढे पॉइंट नुसते पडून आहेत, त्यांतून आई-बाबांचं अमेरिकेचं तिकीट नाही का निघणार?" निघेलही. पण ते कशाच्या बदल्यात निघेल, हा हिशेब आपला आपल्यालाच करावा लागतो. जाहिरातीत तो सापडायचा नाही.

ही प्रथा तशी फार जुनी नव्हे. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी आपली मैलांची योजना सुरू केली. हॉलिडे इन आणि मॅरियट ह्या हॉटेल कंपन्यांनी 1983 मध्ये तोच कित्ता गिरवला. आरंभी जेवढे मैल उडावे तेवढे मैल खात्यात पडत. पुढे 2015 मध्ये डेल्टा व युनायटेड यांनी आणि 2016 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अंतर सोडून तिकिटाच्या किमतीवर मैल द्यायला सुरुवात केली. म्हणजे नाव राहिले मैलाचे आणि माप आले पैशाचे.

आता अदलाबदलीकडे वळू. इंग्रजी अंमलापूर्वी आपल्या मुलखात चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत द्यायचा झाला, की सराफ तो पारखून घेई आणि वर बट्टा कापी. 1835 साली कंपनी सरकारने कायद्याने एकच रुपया ठरवला, तेव्हा तो बट्टा हळूहळू गेला. पॉइंट आणि मैल यांच्या दुनियेत मात्र 1835 साल अजून उजाडलेले नाही. इथे प्रत्येक कंपनीची टांकसाळ निराळी, आणि एकीचे नाणे दुसरीकडे नेले की बट्टा हा ठेवलेलाच.

किती? मॅरियटच्या योजनेत बहुतेक विमान कंपन्यांसाठी 3 पॉइंटांना 1 मैल असा भाव आहे. एका वेळी 60,000 पॉइंट दिले तर 20,000 मैलांवर आणखी 5,000 मैलांची भर पडते. ही भर सगळीकडे मिळत नाही बरं का. अमेरिकन व डेल्टा यांच्या खात्यांत ती पडत नाही. जिथे पडते तिथली गंमत पाहा. 57,000 पॉइंट दिले तर 19,000 मैल येतात. आणखी 3,000 घातले की एकदम 25,000. त्या शेवटच्या 3,000 पॉइंटांनी 6,000 मैल आणले! उलट, कोणी 30,000 आज आणि 30,000 पुढच्या महिन्यात असे दोन हप्त्यांनी बदलले, तर हाती 20,000 च लागतात. हिल्टनचा भाव ह्याहून कडक. तिथे बऱ्याच विमान कंपन्यांसाठी 10,000 पॉइंट द्यावे तेव्हा 1,000 मैल हाती येतात.

ह्यावरून मॅरियट उदार आणि हिल्टन कंजूष असे कोणी समजू नये. पॉइंट म्हणजे काही शेर-पायलीसारखे ठरलेले माप नव्हे. मिळतानाच ते कुठे सढळ मिळतात, कुठे मोजके, आणि खर्चताना त्यांची किंमतही तशीच कमीजास्त असते. म्हणून आकडा पाहू नये, त्यामागचा खर्च पाहावा. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत साध्या सभासदाला एका डॉलरच्या खर्चामागे 10 पॉइंट मिळतात. तेव्हा 60,000 पॉइंट जमायला 6,000 डॉलरचे, म्हणजे आजच्या दराने पाच लाख रुपयांहून अधिक बिल व्हावे लागते. त्याचे मैल मिळणार 25,000. कचेरीने बिल भरले म्हणून हे पॉइंट फुकटचे वाटतात, आणि फुकटचे वाटले की माणूस भाव करीत नाही. माझ्या मते नुकसानीचे मूळ इथेच आहे.

समजा, त्याच 60,000 पॉइंटांत एखाद्या हॉटेलात तीन रात्री मिळतात आणि तिथे रात्रीचे भाडे करासकट 12,000 रुपये आहे. म्हणजे पॉइंटांनी 36,000 रुपये वाचवले. आता 25,000 मैलांत मिळणारे तिकीट पाहा. बाजारात ते 30,000 ला मिळते असे धरू. परंतु मैलांचे तिकीट काढले तरी कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात; ते 8,000 धरले तर बचत 22,000 ची. चौदा हजारांचा बट्टा बसला. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत; आपल्या तारखा आणि आपले गाव घालून आपण तेच गणित करावे. बहुतेक वेळा उत्तर ह्याच बाजूला झुकते. हॉटेलचे पॉइंट हॉटेलातच अधिक मोलाचे असतात. मॅरियटमध्ये तर पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट माफ होतात.

दुसरे भय भाव बदलण्याचे. हॉटेलच्या रात्रीला किती पॉइंट, ह्याचा छापील तक्ता मॅरियटने 2022 मध्ये मोडीत काढला. डेल्टाने आपला मैलांचा तक्ता 2015 मध्येच काढून टाकला होता. आता मागणीप्रमाणे भाव चढतो-उतरतो. आपण साठवतो ते धन, असे आपल्याला वाटते. नियमांत मात्र ती कंपनीने दिलेली सवलत असते. आणि ह्या सवलतीची खरी किंमत कंपन्या पुरती ओळखून असतात. करोनाच्या साथीत विमाने जमिनीवर बसली, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने मार्च 2021 मध्ये आपली मैलांची योजनाच तारण ठेवून 1,000 कोटी डॉलर उभे केले.

कंपनीच बुडाली तर? आपल्याकडे ह्याचे दाखले आहेत. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरचा परवाना स्थगित झाला आणि कंपनीबरोबर तिचे मैलही गेले. मुंबईच्या जेट एअरवेजचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी शेवटचे उडाले. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीच्या हाती असल्याने नाव बदलून पुढे चालली, पण ज्या विमानात बसायचे म्हणून लोकांनी ते मैल जमवले, ते विमानच राहिले नाही. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली; तिच्या सभासदांचे नशीब बरे, त्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. तात्पर्य काय, तर पॉइंट हॉटेलच्या खात्यात असतात तोवर आपल्याला अनेक विमान कंपन्यांची दारे उघडी असतात. एकदा मैल केले, की एकच दार उरते, आणि परत फिरता येत नाही.

मग आई-बाबांचे तिकीट? त्यातली खरी अडचण वेगळीच आहे. मैलांवर द्यायच्या जागा थोड्या असतात, आणि मे महिन्यात वा दिवाळीत तर दोन जागा एकत्र मिळणे कठीण. आधी जागा पाहावी आणि मग पॉइंट बदलावे, हा शहाणपणाचा क्रम खरा. परंतु मैल खात्यात पडायला कित्येकदा काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात पाहिलेली जागा दुसरा कोणी घेऊन जातो. आधीच बदलून ठेवावे, तर जागा न मिळाल्यास मैल तसेच पडून. ह्या पेचातून सोपी वाट नाही. विमान कंपनीच्या खात्यात बहुतेक मैल आधीच जमलेले आहेत, चार-पाच हजारच कमी पडताहेत आणि रोखीचे तिकीट फार महाग आहे, अशा वेळी पॉइंट बदलावेत. तिथे बट्टा बसला तरी तो परवडतो. शून्यातून तिकीट उभे करायला मात्र मी कोणाला सांगणार नाही. त्यापेक्षा तिकीट पैशांनी काढावे, आणि वाटेतल्या मुक्कामाला, नाहीतर मुलाचे घर लहान असेल तर त्याच्या गावातल्या हॉटेलात, आई-बाबांसाठी पॉइंट वापरावेत.

बदलायचे ठरलेच, तर नावे आधी तपासा. हॉटेलचे खाते आणि विमानाचे खाते एकाच माणसाचे, एकाच नावाचे लागते. आपल्याकडे एका खात्यात वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यात नसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचे एक खाते माहेरच्या नावाने राहिलेले असते. असे असेल तर बदली अडते. मुलाच्या खात्यातल्या मैलांवर आई-वडिलांचे तिकीट पुष्कळ कंपन्या देतात. सिंगापूर एअरलाइन्समध्ये मात्र अशा पाचच माणसांची नावे आधी नोंदवून ठेवावी लागतात. ही नोंद पॉइंट बदलण्यापूर्वी करा, आणि बदलल्याची पावती मैल खात्यात दिसेपर्यंत जपून ठेवा.