पुढचा ब्रेक लागत नाही? नुसता नट आवळू नका
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



दुधाच्या किटल्या, खताची गोणी, बाजाराचं माळवं आणि मागे बसलेलं घरचं माणूस, एवढं ओझं वाहणारी तुमची जुनी मोटारसायकल पळते कशी, हे तुम्ही रोज पाहता. ती थांबते कशी, याविषयी आज बोलू.

पुष्कळजण पुढचा ब्रेक वापरतच नाहीत. ‘तो दाबला की गाडी घसरते’, असं म्हणतात. चिखलात, वाळूत किंवा वळणावर तो एकदम दाबू नये, हे खरेच. पण कोरड्या, सरळ रस्त्यावर ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना ब्रेकची जादा सोय सक्तीची झाली. लहान गाड्यांत निदान दोन्ही ब्रेक एकदम लागतात, तर १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांत चाक जाम होत नाही. राजदूत, येझदी, सीडी १०० अशा जुन्या गाड्यांना ही सोय नाही. तिथे सगळी भिस्त तुमच्या हातावर.

या गाड्यांच्या चाकात ड्रम ब्रेक असतो. हँडलची दांडी दाबली की तार ओढली जाते. तार खालचा आर्म ओढते, आर्म कॅम फिरवतो आणि कॅम दोन ब्रेक शू फाकवतो. शूवरचे लायनर ड्रमला घासले की चाक थांबते. यातले काहीही सुस्त झाले, की हाताचा जोर वाटेतच मुरतो. नट आवळल्याने दांडीची ढील तेवढी कमी होते, मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून क्रमाने तपासा.

१) तार : दोन्ही टोके सोडवून सरकवून पाहा. अडकत असेल किंवा एखादा पदर तुटला असेल, तर नवी घाला. चांगली असेल तर वरून पातळ तेल सोडा. तेल ड्रममध्ये जाता कामा नये.

२) आर्म : ब्रेक पूर्ण दाबल्यावर तार आणि आर्म यांच्यात फार तर काटकोन व्हावा. आर्म त्यापुढे जात असेल तर लायनर संपले समजा. काहीजण आर्म काढून दाते मागे घेऊन बसवतात. हे धोक्याचे. लायनर फार झिजले असता कॅम उलटतो आणि ब्रेक अडकून बसतो.

३) लायनर : चाक काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. लायनर झिजलेले, काचेसारखे गुळगुळीत झालेले किंवा तेलकट असतील तर घासत बसू नका, नवे शू घाला. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पूर्ववत होत नाहीत. मात्र ते तेल कुठून आले, हे आधी शोधा. शॉकअपचे सील गळत असेल किंवा चाकात ग्रीस जास्त झाले असेल, तर नवे शूही वाया जातील.

४) कॅम व ड्रम : कॅम गंजून जड झालेला असतो. तो काढून साफ करा, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. ड्रमला खोल चरे पडले असतील किंवा तो गोल राहिला नसेल, तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

५) बसवणी : ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या अडकणीत नीट बसलीच पाहिजे. ती सुटली तर चालत्या गाडीत प्लेट फिरून चाक जाम होते आणि गाडी उलटते. एक्सलचा नट आवळताना ब्रेकची दांडी दाबून धरा. म्हणजे दोन्ही शू ड्रमला सारखे टेकतात. एवढ्यानेही ब्रेकमध्ये फरक पडतो.

शेवटी नट लावून दांडीला थोडी ढील ठेवा. माप गाडीच्या पुस्तिकेत असते. चाक उचलून फिरवा, ते मोकळे फिरले पाहिजे. मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दाबून पाहा. नवे लायनर बसायला काही दिवस लागतात. तोवर ओझे कमी ठेवा. ओढ्याच्या पाण्यातून आलात, तर ब्रेक हलका दाबत थोडे अंतर चाला, म्हणजे लायनर सुकतील.

हे काम स्वतःला जमत नसेल, तर मिस्त्रीकडून करून घ्या. पण समोर उभे राहा आणि खाच बसली का, ते डोळ्यांनी पाहा. पेरणी दोन दिवस पुढे-मागे झाली तर निभावते. घाटाच्या उतारावर ब्रेक मात्र त्याच क्षणी लागावा लागतो.