हे धान कोणी पेरले?



आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पालकांपुढे मी हे भाषण केले. स्मरणिकेच्या संपादकांनी ते लिहून मागितले, म्हणून जसे बोललो तसेच, थोडे आवरून, आपल्या हाती देत आहे. प्रारंभीच कबूल करतो की मी शास्त्रज्ञ नाही. बी. ए., बी. एड. झालेला, भूगोल शिकवणारा मास्तर आहे. पण भूगोलाच्या मास्तराला एक सवलत असते. जमीन, पाणी, हवा आणि त्यांवर उगवणारे सारे काही त्याच्या हद्दीत येते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीआधी आठवीतला एक मुलगा वर्गात धानाची एक लोंबी घेऊन आला. लोंबी कसली, नुसती कुसळे. बोटभर लांब, तांबूस, खरखरीत. रुमालात बांधून आणली होती, तरी निम्मे दाणे रुमालातच गळाले होते. त्याने विचारले, "सर, हे आमच्या बोडीच्या काठाला दरसाल उगवते. हे कोणी पेरले?" वर्ग हसला. मी म्हणालो, "कोणी नाही, आपोआप उगवते," आणि धड्याकडे वळलो.

घरी आल्यावर ते उत्तर मला टोचू लागले. "आपोआप" हा शब्द मास्तर केव्हा वापरतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. त्याला उत्तर येत नसते तेव्हा! म्हणून पुढचे काही महिने मी वाचत राहिलो. त्या मुलाला जे तेव्हा सांगावयास हवे होते, ते आज सांगतो.

आपल्याकडे त्या रोपाला देवधान म्हणतात. शेजारच्या छत्तीसगडात त्याच जातीच्या तांदळाला पसहर म्हणतात, आणि नांगर न लागलेले धान्य म्हणून कमरछठच्या उपासाला बायका तो आवर्जून रांधतात. संस्कृतात त्याला नीवार असे नाव आहे; ऋषींच्या आश्रमातले अन्न ते हेच. १९६५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी या रानटी धानाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा जुनाच शब्द घेऊन त्यास 'ओरायझा निवारा' म्हटले. आपण बांधीत रोवतो त्या धानाचा हा अगदी सख्खा नातेवाईक होय.

आता या नात्याचे मूळ पाहू. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचे गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने तेथे कॉलेज आहे, त्यांनी १८६० च्या सुमारास या भागात प्रचंड प्राण्यांचे जीवाश्म गोळा केले होते. तेथल्या शेतांत हाडांबरोबर आणखी एक वस्तू सापडते. दगड झालेली विष्ठा. डायनोसॉरची! मुलांना हे सांगितले की वर्ग खिदळतो. हसू द्यावे, एवढी गोष्ट मग ती जन्मभर विसरत नाहीत.

२००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी या चौघांनी ही दगडी विष्ठा फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापला. त्यात गवताच्या निदान पाच प्रकारांचे अवशेष होते. तोवर सर्वसाधारण समज असा की डायनोसॉर संपल्यावर पुष्कळ काळाने गवत आले. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर जिवंत असतानाच, आपल्या विदर्भाच्या भूमीवर गवत उगवत होते आणि खाल्ले जात होते.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत गवत शिल्लक कसे राहिले? तर पान राहत नाही, त्यातली काच राहते. गवत मुळांवाटे पाण्याबरोबर वाळूचे तत्त्व, म्हणजे सिलिका, शोषून घेते आणि आपल्या पेशींत साठवते. गवत कापताना बोट चिरते ते यामुळे, जनावरांचे दात झिजतात तेही यामुळे. तुमसर-गोंदियाकडे राइस मिलच्या मागे धानाच्या तुसाच्या राखेचे ढीग पाहिले असतील. ती राख बहुतांशी सिलिकाच असते. प्रत्येक गवताच्या पेशीत या काचेच्या कणाचा आकार निराळा, जणू त्या घराण्याची मोहोर. गवत कुजले, जळले, पचले तरी मोहोर तशीच राहते. २०११ साली वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मोहोरांवरून दाखवून दिले की त्या गवतांपैकी काही तांदळाच्या कुळातली होती. या मंडळींत बंदना सामंत आणि धनंजय मोहबे हे भूशास्त्रज्ञही होते. ते गवत म्हणजे धान नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. धानाची 'ओरायझा' ही शाखा त्यानंतर फार उशिरा फुटली. पण तिचे भाऊबंद येथे होते.

त्या वेळी हा देश आज आहे तेथे नव्हता. हिंदुस्थान हे एक बेट होते, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आणि ते उत्तरेकडे सरकत होते. पश्चिमेला जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर वाहत होता. नागपूरच्या पश्चिमेकडचा काळा दगड आणि त्यावरची काळी माती त्यातूनच झाली. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग मात्र त्या लाव्ह्याखाली आलेला नाही. आपल्या पायाखालचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज त्यांतलेच. हा दगड कठीण, पाणी सहसा मुरू न देणारा. त्यावर सिहार, मोरांड, खर्डी अशी माती, वरून भरपूर पाऊस. म्हणून येथे खोलगट जागी पाणी साचते, आणि म्हणून येथे धान. तिकडे वर्धा-यवतमाळला काळी कन्हार, कमी पाऊस, म्हणून कापूस आणि ज्वारी. शेतकऱ्याने पीक निवडले हे खरे, पण त्याच्या आधी खडकाने आणि पावसाने निवड करून ठेवली होती.

दगड वाचून भूतकाळ सांगण्याची ही विद्या आपल्या पूर्वजांना परकी नव्हती. अल्-बिरूनी ११ व्या शतकात हिंदुस्थानात आला. डोंगरापाशी नद्यांतले गोटे मोठे, पुढे लहान आणि गुळगुळीत, आणि समुद्राकडे नुसती वाळू, हे त्याने पाहिले व अनुमान काढले की हे सारे मैदान एके काळी समुद्र होते आणि नद्यांच्या गाळाने भरून आले. त्याच्यापाशी ना सूक्ष्मदर्शक होता ना प्रयोगशाळा. होते ते डोळे आणि प्रश्न. आपल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर करण्याची धडपड आपण सारे करतो, करावीही. परंतु भूशास्त्राकडे जाणारा मुलगा वा मुलगी आपल्या मोहल्ल्यातून मला अद्याप दिसलेली नाही, याची खंत वाटते. असो.

पुढे हे सरकणारे बेट आशियाला जाऊन भिडले आणि हिमालय उभा राहू लागला. हवेतल्या कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण लाखो वर्षांत हळूहळू उतरत गेले. मोसमी वाऱ्यांचा खेळ रंगला : चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे. या बदलाने गवताच्या जगात एक मोठी उलथापालथ झाली. काही गवतांनी अन्न तयार करण्याची नवी रीत काढली. कार्बन डायॉक्साइड आधी एका ठिकाणी धरून ठेवायचा, मग आतल्या पेशींत दाटीने सोडायचा. त्यामुळे थोड्या वायूत काम भागते, पानाची रंध्रे फार उघडावी लागत नाहीत आणि पाणी वाचते. १९६६ साली हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करून ही रीत उलगडली. तिला सी-४ म्हणतात. ज्वारी, मका, ऊस, हरळी, काँस, पायजम्याला टोचणारे कुसळी गवत, ही सारी सी-४ वाली. धान, गहू आणि बांबू जुन्या सी-३ रीतीचे. (बांबू हे गवतच आहे, हे आमच्या गावच्या बुरडकाकांना अजून पटलेले नाही.)

ही नवी गवते केव्हा पसरली त्याचा दाखला शिवालिकच्या डोंगरांत मिळाला. जुन्या मातीतल्या चुनखडीत कोणत्या प्रकारचा कार्बन आहे हे तपासून १९८९ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले की सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात तेथे रान हटून सी-४ गवताची कुरणे आली. पावसाळा आणि कोरडा ऋतू यांतली तफावत वाढली तशी कुरणे वाढली, असे पुष्कळांचे मत आहे.

मग धानाने काय केले? त्याने रीत बदलली नाही, जागा धरली. ते पाण्यात राहिले. पण पाणीही दरसाल टिकेना. रानटी धानात दोन प्रकार आहेत. एक बहुवर्षायू, बाराही महिने ओल असते तेथला. दुसरा हा आपला नीवार, एका पावसाळ्याचा धनी. बोडीचे पाणी माघ-फाल्गुनात आटणार हे जणू त्याला ठाऊक असते. तो घाईने वाढतो, दाणा धरतो आणि पिकल्याबरोबर गाळून मोकळा होतो. कोरड्या ऋतूशी जुळवून घेतानाच बहुवर्षायू धानातून हा वर्षायू प्रकार निघाला, असे शास्त्रज्ञ मानतात. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग भरात होते, मोसमी पाऊस दुबळा पडला होता. असे किती तरी चढउतार या गवताने काढले आहेत.

आता ती लोंबी पुन्हा हातात घ्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्यात दोषच दोष आहेत. दाणा गळतो, कुसळ टोचते, सारे एकदम पिकत नाही, पेरले तर सारे एकदम उगवत नाही. पण गळणारा दाणा चिखलात सुरक्षित पडतो, कुसळामुळे पाखराला तो गिळणे जड जाते, आणि काही दाणे एक-दोन वर्षे झोपून राहतात म्हणजे एखाद्या दुष्काळाने वंश बुडत नाही. माणसाने हे "दोष" एकेक करून काढले तेव्हा आपले धान झाले. त्या सौद्यात आणखीही बरेच निसटले. १९७० च्या सुमारास आशियात एका विषाणूने धानाची रोपे खुरटू लागली. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा एकच निघाला, उत्तर प्रदेशातून आलेला नीवार. त्याचे रक्त घेऊन १९७४ पासून नवी वाणे निघाली, आणि १९७६ चे आय.आर. ३६ तर लक्षावधी हेक्टरांवर गेले.

एका डबक्याच्या काठचे एक गवत! ते डबके कोणी बुजवले असते तर?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. उद्योगयुगापूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायॉक्साइड सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. गवतांना लाखो वर्षे मिळाली तो हिशेब आपण दोन-अडीचशे वर्षांत उलटा फिरवला. २००४ साली त्याच तांदूळ संस्थेच्या शेतावरील नोंदींवरून दिसले की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले की धानाचे उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते. उद्या उष्ण रात्री सोसणारे वाण हवे झाले तर ते कोठे शोधावे लागेल? बहुधा अशाच एखाद्या बोडीच्या काठी.

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी ते बांधले, मालगुजारीच्या काळात ते वाढले, आणि त्यांच्या उथळ काठांनी देवधानाला आसरा दिला. आज त्या काठांवर बेशरम माजली आहे. बांधीतले धान शेजारी असल्याने देवधानाचा संकरही होतो, निखळ रोप विरळ होत चालले आहे. आमच्याजवळच्या एका तलावाचे मध्यंतरी यंत्राने खोलीकरण झाले. गाळ निघाला, पाणी वाढले. कोणाची तक्रार नव्हती, माझीही नव्हती. पण काठ भिंतीसारखा सरळ कापला गेला. गुडघाभर पाण्याची जी पट्टी होती ती उरली नाही, आणि पुढच्या दिवाळीला तेथे एकही कुसळ दिसले नाही. काठाचा एक कोपरा उतरता ठेवा, एवढे सांगायला एकही पैसा लागत नव्हता. सांगायला हवे हे आम्हाला उमगलेच नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे काही तलावांत ढीवर समाजाच्या महिलांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. ज्यांच्या गावात तलाव आहे त्यांनी हे काम एकदा जाऊन पाहावे.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी दाणे गळण्याआधीच आम्ही त्याच्या बोडीवर गेलो, लोंब्यांना जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि ओंजळभर बी मिळवले. मृगात ते तीन कुंड्यांत टाकले. दोन कुंड्यांत थोडी रोपे आली. तिसरीत काहीच नाही. मी ती माती फेकणार होतो, मुलगा म्हणाला, "सर, झोपले असतील." यंदा आषाढात त्या तिसऱ्या कुंडीत चार रोपे उगवली आहेत. शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ ती कुंडी ठेवली आहे. येणे झाले तर अवश्य पाहा, फक्त दिवाळीआधी या. नंतर दाणे गळून जातात.